शिवनेरीच्या कड्यावरील शिंदळ माकुडी

जुन्नर गांवाच्या पश्चिमेस शिवनेरीचा किल्ला उभा आहे. १६३० सालीं शिवाजीमहाराजांचा जन्म येथें झाला, हें महाराष्ट्रांतील शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. एकामागून एक सात दरवाजे ओलांडून वर जाणारा यात्रेकरू शिवाईचें देऊळ पाहतो, जन्मस्थानाच्या वास्तूपुढें हात जोडतो, गंगा-जमुना टांक्यांचें थंडगार पाणी न्याहाळतो आणि शेवटीं कडेलोटाच्या टोंकाशीं जाऊन खालच्या खोल दरीकडे पाहतो. पाहणें झालें कीं तो माघारीं वळतो. ज्या कातळावर त्याचे पाय टेकलेले असतात, त्या कातळाच्या उभ्या अंगाकडे त्याचें लक्ष जात नाहीं. तेथें, हात पोंचणार नाहीं अशा चिरांतून, कोठें कोठें एक मांसल झुडूप लोंबत असतें. त्या वनस्पतीला मराठींत शिंदळ माकुडी म्हणतात. महाराष्ट्राबाहेर जगांत कोठेंहि ती आपोआप उगवत नाहीं, आणि महाराष्ट्रांतहि तिचीं ठिकाणें मोजकींच आहेत. भारतांतील संकटग्रस्त वनस्पतींची नोंद करणाऱ्या ‘रेड डेटा बुक’ ह्या ग्रंथांत तिचें नांव आहे.

शास्त्रीय जगाशीं तिची ओळख एकोणिसाव्या शतकांत झाली. निकोल अलेक्झांडर डॅल्झेल हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ त्या वेळीं मुंबई इलाख्यांत जंगलखात्याच्या अधिकारावर होता. अलेक्झांडर गिब्सन ह्याच्यासह त्यानें लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ सालीं प्रसिद्ध झाला होता. पुढें जुन्नरच्या बाजूच्या डोंगरांत त्याला हें चमत्कारिक झुडूप आढळलें. ज्ञात असलेल्या कोणत्याहि प्रजातींत तें बसेना, म्हणून त्यानें एक स्वतंत्र प्रजाति कल्पिली आणि १८६२ ते १८६७ ह्या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रियर ह्यांच्या नांवावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ असें नांव दिलें. १९५८ सालीं गॉर्डन रौली ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें तिला ‘कॅरॅलुमा’ ह्या प्रजातींत घातलें आणि त्यानंतरहि तिचें स्थलांतर झालें. नांवांची ही अदलाबदल शास्त्रज्ञांपुरती आहे. डोंगराला तिचें कांहीं वाटत नाहीं.

परंतु नामकरणाच्या ह्या घोटाळ्याच्या मुळाशीं एक खरी गोष्ट आहे. ही वनस्पति रुईच्या कुळांतील. त्या कुळाच्या ज्या शाखेंत ती मोडते, त्या शाखेंतील झाडांना पान असें नसतेंच म्हटलें तरी चालेल. नुसतें जाड, हिरवें, पाण्यानें भरलेलें खोड, आणि पानांच्या जागीं बारीक खवले किंवा टोकें, असें त्यांचें रूप असतें. शिंदळ माकुडीला मात्र चांगलीं ठसठशीत, लांबट व मऊ पानें येतात. पावसाळ्यांत तिच्या राखाडी-हिरव्या फांद्या ह्या पानांनीं भरून जातात. पाऊस ओसरत आला कीं त्यांच्यामध्यें पांच पाकळ्यांचीं, तारकेच्या आकाराचीं फुलें उमलतात. रंग गडद किरमिजी, आणि त्यावर पिवळसर ठिपके व रेघा. फूल इंचभराच्या आंतबाहेरच असतें, परंतु काळ्या कातळावर तें मोठें उठून दिसतें. हिंवाळा सरतां सरतां पानें गळून जातात. मग राहतात त्या उघड्या, जाड फांद्या. पाहणाऱ्यास वाटावें कीं झाड मेलें. तें मेलेलें नसतें. त्यानें केवळ आपला संसार आवरता घेतलेला असतो.

हा संसार आवरता घेण्याचा प्रकार काय आहे, हें लांगे व झुबर ह्या जर्मन संशोधकांनीं १९७७ सालीं प्रयोगानें दाखविलें. झाडाला अन्न तयार करण्यासाठीं हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु लागतो. तो आंत घेण्यासाठीं झाड आपलीं सूक्ष्म रंध्रें उघडतें, आणि रंध्रें उघडलीं कीं आंतलें पाणीहि वाफ होऊन बाहेर जातें. पाणी मुबलक असेल तेव्हां ही तूट सोसवते. म्हणून पावसाळ्यांत शिंदळ माकुडीचीं पानें इतर सामान्य झाडांच्या पानांप्रमाणें दिवसां रंध्रें उघडून जोमानें काम करतात. उन्हाळ्यांत तें परवडत नाहीं. त्या वेळीं पानें टाकून दिलेलीं असतात आणि सर्व कारभार खोडाकडे जातो. खोडाची रीत निराळी. वैशाखांत घरचीं माणसें दुपारीं दारें-खिडक्या लावून घेतात व रात्रीं गार वारा सुटल्यावर उघडतात, तसेंच हें खोड दिवसा रंध्रें मिटून ठेवतें आणि रात्रीं उघडतें. रात्रीं घेतलेला वायु आम्लाच्या रूपानें सांठवून ठेवावयाचा आणि दिवसा सूर्यप्रकाश मिळाला कीं बंद दाराआड त्याचें अन्न करावयाचें, असा हा व्यवहार आहे. निवडुंगासारख्या वाळवंटी झाडांची हीच युक्ति असते. एकाच झाडाच्या पानाची रीत पावसाळी प्रदेशाची आणि खोडाची रीत वाळवंटाची, हा योग मात्र विरळा.

असें दुहेरी जीवन कोणत्या जागेला शोभेल? जेथें वर्षांतील चार महिने पाण्याचे लोट वाहतात आणि उरलेले आठ महिने थेंबहि मिळत नाहीं, अशाच जागेला. सह्याद्रीचा कडा ही नेमकी तशी जागा आहे.

हे कडे कसे झाले, तें थोडक्यांत सांगतां येईल. सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीवर लाव्हारसाचे पूर एकावर एक पसरत गेले आणि थिजून त्यांचा काळा बसाल्ट दगड झाला. कांहीं थर घट्ट व कठीण, कांहीं सच्छिद्र व ठिसूळ. ऊनपावसानें ठिसूळ थर लवकर झिजले, कठीण थर तटासारखे उभे राहिले. त्यामुळें सह्याद्रीचा कोणताहि डोंगर दुरून पाहिला तर पायऱ्या पायऱ्यांचा दिसतो. उभा काळा कडा, त्याखालीं झाडोऱ्याचा उतार, पुन्हां कडा, पुन्हां उतार. किल्ले बांधणाऱ्यांनीं ह्याच निसर्गदत्त तटांचा उपयोग केला. जुन्नरच्या परिसरांतील बौद्ध भिक्षूंचीं लेणीं ह्याच कातळांत कोरलेलीं आहेत.

अशा डोंगराच्या माथ्यावर, अंगावर आणि पायथ्याशीं वनस्पतींच्या तीन निरनिराळ्या वसाहती असतात. माथ्यावर सपाट सडा असतो. माती वीतभरहि नसते. पावसाळ्यांत तेथें गवत माजतें, उथळ पाण्यांत सीतेच्या आसवांचीं निळीं फुलें व गेंदाचे पांढरे गोंडे डोलतात, तेरडा व सोनकी फुलते. साताऱ्याजवळचें कासचें पठार ह्याच वैभवासाठीं प्रसिद्ध आहे आणि २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत त्याचा समावेश झाला. कार्तिक संपला कीं हें सर्व वाळून कोळ होतें आणि ठिणगी पडण्याचाच अवकाश राहतो.

पायथ्याच्या उतारावर कड्यावरून ढांसळलेले दगड व त्यांच्यामध्यें सांचलेली माती असते. तेथें खोल मुळें धरणाऱ्या झाडांचें राज्य. पाऊस भरपूर असेल तर जांभूळ, अंजन, हिरडा ह्यांची दाट सावली आणि तिच्या कडेनें कारवीचीं रानें. पाऊस कमी असेल तर पानगळीचें विरळ जंगल : धावडा, सालई, मोई, पांढऱ्या सालीची कांडोळ, आणि मधून मधून करवंदीच्या जाळ्या, हेंकळ व निवडुंग. जेथें कुऱ्हाड फार चालली तेथें घाणेरीनें पाय पसरलेले दिसतात.

ह्या दोहोंच्या मधला उभा कातळ म्हणजे तिसरी वसाहत. दुरून तो उघडाबोडका दिसतो, परंतु जवळ जाऊन पाहिलें तर तसें नाहीं. जेथून पाणी पाझरतें तेथें शेवाळें व नेचे असतात. जेथें थोडी ओल टिकते तेथें रानतेरडे, आणि मातीची मूठ मिळेल तेथें चवईची, म्हणजे रानकेळीची, रुंद पानें. त्याहून कोरड्या चिरांत गवताचे झुबके आणि निवडुंग. शिंदळ माकुडीची जागा ह्या शेवटच्या मंडळींत आहे. पाणी पडतांक्षणीं वाहून जाईल, मुळांशीं कुजणारी ओल राहणार नाहीं, आणि वरून दुसऱ्या झाडाची दाट सावली पडणार नाहीं, अशी अरुंद चीर तिला मानवते. चिरेंत मुळांपुरती माती असते, आणि फांद्या कातळावरून खालीं उतरतात.

पावसाच्या मानाचाहि येथें संबंध येतो. सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरूं लागलें कीं पाऊस आश्चर्यकारक वेगानें कमी होतो. महाबळेश्वरास वर्षाला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. पांचगणीस त्याच्या सुमारें तिसरा हिस्सा, आणि घाटाखालच्या वाईस त्याहूनहि निम्म्याच्या आंत. अवघ्या तीसएक किलोमीटरांत सदाहरित अरण्य संपून निवडुंगाचें माळरान सुरू होतें. शिंदळ माकुडीचीं आजवर नोंदलेलीं ठिकाणें पाहिलीं, तर शिवनेरी, पुरंदर व त्याच्या शेजारचा वज्रगड, सज्जनगड, प्रवरेवरील रंधा धबधब्याचा परिसर, महाबळेश्वरच्या पठाराच्या कडा, अशीं तीं सह्याद्रीच्या माथ्याला व त्याच्या पूर्वेकडच्या फांट्यांना धरून आहेत. खालचें रान कोठें ओलें, कोठें कोरडें. परंतु सगळीकडे तिचा पत्ता एकच : उभा कडा आणि त्याची चीर.

येथें एक विलक्षण गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जी वनस्पति रानांत इतकी दुर्मिळ, ती कुंडींत लावली तर मुळींच अवघड नाहीं. तिच्या फांदीचें कांड तोडून, दोन दिवस सुकवून, रेताड मातींत खोंचलें कीं तें मूळ धरतें. परदेशांतील निवडुंगांच्या शोकिनांच्या काचगृहांतून ती कित्येक वर्षें नांदत आहे. म्हणजे बसाल्टच्या कड्यावांचून तिचें चालतच नाहीं, असें नाहीं. सपाट जमीन, चांगली माती, अधूनमधून पाणी मिळालें तर ती अधिकच भरदार होते. मग सह्याद्रींत ती सपाटीवर कां दिसत नाहीं?

ह्याचें उत्तर शेजाऱ्यांत शोधावें लागतें. सपाटीवर पावसाळा लागतांच गवत कमरेइतकें वाढतें. हळूहळू वाढणारी, जमिनीसरशी पसरणारी शिंदळ माकुडी त्याच्याखालीं गुदमरून जाईल. तिला कांटे नाहींत, आणि उन्हाळ्यांत जेव्हां सर्वत्र काडी हिरवी दिसत नाहीं, तेव्हां पाण्यानें भरलेली मऊ फांदी शेळीला सोडवणार नाहीं. त्यांतूनहि वांचली, तर फाल्गुन-चैत्रांतील वणवा आहेच. गवताचीं मुळें जमिनीखालीं सुरक्षित राहतात व पहिल्या पावसानें पुन्हां फुटतात, परंतु जिचा सारा सांठा जमिनीवरच्या खोडांत आहे, ती एका आगींत संपते. उभ्या कड्यावर ह्या तिन्ही शत्रूंचें चालत नाहीं. गवताला तेथें माजण्याइतकी माती नाहीं, शेळीला पाय ठेवण्यास जागा नाहीं, आणि सलग गवत नसल्यामुळें आग वर चढत नाहीं. कडा हें तिचें सुखाचें घर नव्हे. तें तिचें निर्भय घर आहे. ज्या कारणासाठीं राजांनीं कड्यावर किल्ले बांधले, बहुधा त्याच कारणासाठीं ही वनस्पति कड्यावर राहिली.

परंतु दुर्गांत राहणाऱ्याची एक अडचण असते. आंतला मनुष्य सुरक्षित राहतो, पण बाहेरच्या जगाशीं त्याचें दळणवळण तुटतें. रुईच्या कुळांतील फुलांचे पराग सुटे उडत नाहींत. ते मेणचट पुडक्यांत बांधलेले असतात. फुलावर बसलेल्या माशीच्या पायाला किंवा सोंडेला असें पुडकें चिकटावें, आणि त्याच माशीनें दुसऱ्या फुलावर जाऊन तें अचूक फटींत बसवावें, तेव्हां कोठें शेंग धरते. ह्या कुळांत पुष्कळशीं फुलें शेंग न धरतांच गळून जातात. शेंग धरलीच, तर तिच्यांतून रेशमी जावळ असलेलीं बीजें बाहेर पडतात. मुलें रुईची ‘म्हातारी’ फुंकरीनें उडवितात, तशींच हीं बीजेंहि वाऱ्यावर जातात. आतां त्या बीजानें शेतांत, माळावर किंवा ओढ्यांत न पडतां नेमकें दुसऱ्या एखाद्या कातळाच्या चिरेंत जाऊन पडावयास हवें. शिवनेरीवरून उडालेलें बीज पुरंदरावर जाऊन रुजेल, ही आशा कोण धरील? म्हणून प्रत्येक कड्यावरील समूह हें एक लहानसें बेट आहे. एका बेटावरचीं झाडें गेलीं, तर शेजारच्या बेटावरून नवी वस्ती येऊन ती जागा भरेल, असा भरंवसा नाहीं.

आणि हीं बेटें पूर्वीइतकीं निर्भय राहिलेलीं नाहींत. माथ्यावरील गवत पुढच्या वर्षीं चांगलें यावें म्हणून लावलेली आग कपारींतील सुक्या गवताच्या आधारानें कड्याच्या अंगावर उतरूं शकते. दरड कोसळली तर समूहाचा समूह खालीं जातो. किल्ल्यांवर जाणाऱ्यांची संख्या वाढली, तशा पायऱ्या, कठडे व रस्ते ह्यांसाठीं कातळ फोडण्याचे प्रसंगहि वाढले. जुन्या तटाची डागडुजी करतांना चिरांतला ‘झाडोरा’ सरसकट उपटला, तर त्यांत काय गेलें हें उपटणाऱ्यासहि कळत नाहीं. शिवाय दुर्मिळ वस्तूचा लोभ असतोच. ज्यानें तिचें नांव ऐकलें आहे, ज्याला ती ओळखतां येते, तोच मनुष्य ती उपटून पिशवींत घालण्याचा संभव अधिक. कडा शेळीला अडवितो, परंतु दोरी घेऊन आलेल्या माणसाला अडवूं शकत नाहीं.

येथें कोणीहि म्हणेल कीं, कुंडींत ती इतकी सुखानें वाढते, तर काळजी कसली? हजार घरांत हजार कुंड्या ठेवाव्या, म्हणजे झालें. ह्या युक्तिवादांत तथ्य आहे, पण तें अर्धें आहे. कुंडींतील वनस्पति नाहींशी होणार नाहीं, हें खरें, आणि तेवढ्यासाठीं उद्यानांतील जोपासनेचें महत्त्व मोठें आहे. परंतु एका फांदीचीं शंभर कांडें लावलीं, तर शंभर निराळीं झाडें होत नाहींत. एकच झाड शंभर ठिकाणीं उभें राहतें. कोणत्या कड्यावरची जात अवर्षणांत अधिक तग धरते, कोणतीवर रोग पडत नाहीं, कोणत्या फुलावर पिवळे ठिपके दाट असतात, ही जी पिढ्यान् पिढ्यांची शिदोरी, ती बीजांतून येते आणि निरनिराळ्या कड्यांवर विखुरलेली असते. त्याशिवाय कुंडीबरोबर माशी येत नाहीं, आठ महिन्यांचा दुष्काळ येत नाहीं, वारा व कातळ येत नाहींत. कुंडींत वनस्पतीचा देह राहतो. तिचा संसार कड्यावरच असतो.

ह्यासाठीं शास्त्रज्ञांनीं दुसरा मार्गहि धरलेला आहे. कांडांपासून व प्रयोगशाळेंतील ऊतिसंवर्धनाच्या रीतीनें रोपें तयार करावयाचीं, आणि तीं पुन्हां कड्याच्या चिरांत नेऊन लावावयाचीं, असे प्रयत्न महाराष्ट्रांत झालेले आहेत. काम कष्टाचें आहे. दोरांवरून उतरून, मूठभर माती चिरेंत भरून, रोप रुजवावें लागतें, आणि मग पहिला उन्हाळा तें काढतें कीं नाहीं ह्याची वाट पाहावी लागते. परंतु त्या सर्व खटाटोपाला अर्थ केव्हां? जेव्हां तो कडा, माथ्यावरचें गवत आणि पायथ्याचें रान हीं तिन्ही जागेवर असतील तेव्हां. माथा जळत राहिला आणि पायथा उघडा पडून खचत गेला, तर मधल्या चिरेंत लावलेलें रोप किती दिवस टिकणार? आपल्याकडे देवराईंत एक झाड राखावयाचें म्हणून सारी राई राखीत. ती रीत ह्या विषयांत शास्त्रालाहि मान्य होण्यासारखी आहे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना ह्यांत करण्यासारखें थोडेंच आहे, पण जें आहे तें क्षुल्लक नाहीं. श्रावण-भाद्रपदांत किल्ल्यावर जाणें झालें, तर टोंकावरून दरी पाहतांना एकवार कातळाच्या अंगाकडेहि पाहावें. किरमिजी तारका दिसली तर मुलांना ती दाखवावी, तिचें नांव सांगावें, आणि तिला तेथेंच राहूं द्यावें. घरीं लावण्याची हौस असेल, तर रोपवाटिकेंत वाढविलेलें कांड आणावें. डोंगरावरचें कधींहि आणूं नये. चैत्रांत जाणें झालें, तर शेकोटी व विडीची ठिणगी मागें राहणार नाहीं, एवढी दक्षता घ्यावी. त्या दिवसांत कड्यावर कांहींच दिसणार नाहीं. काळा दगड तापलेला असेल आणि चिरेंतून चारदोन राखाडी काड्या लोंबत असतील. त्या काड्या रात्र पडण्याची वाट पाहत असतात. दगड निवाला, वारा सुटला, कीं त्यांचीं रंध्रें उघडतील, आणि मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत पुरेल असा त्यांचा काटकसरीचा कारभार सुरू होईल. तो चालूं राहावा, एवढेंच त्या कड्याचें आपल्याकडे मागणें आहे.